सह्याद्रीचे रंग : शाळेच्या व्हरांड्यासाठी पाच प्राणिचित्रांच्या नोंदी

३ एप्रिल २०२५

सातारा जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यात लावण्यासाठी सह्याद्रीतील पाच रंगीत प्राण्यांची मोठी चित्रे करण्याचे काम आजपासून हाती घेतले आहे. मुख्याध्यापिका बाईंशी बोलून प्राणी निश्चित केले : पठारावरचा गळा फुलवणारा सरडा, शेकरू, तिबोटी खंड्या, ब्लू मॉर्मन फुलपाखरू आणि हरियाल. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी, हरियाल राज्यपक्षी आणि ब्लू मॉर्मन राज्यफुलपाखरू, हे मुलांना सामान्यज्ञानाच्या तासाला पाठ करावे लागते. मात्र वर्गातल्या तक्त्यांवर हे तिन्ही जीव इतके ठोकळेबाज छापलेले असतात की तक्ता पाहिलेल्या मुलाला झाडावरचा हरियाल ओळखता येईल, असे मला वाटत नाही.

म्हणून कामाचा एकच नियम ठरवला आहे. चित्रातला प्रत्येक भडक रंग त्या प्राण्याच्या अंगावर खरोखर असलेला हवा, आणि तोही जेवढा आहे तेवढाच. रंगीत चित्र म्हटले की सगळाच कागद उजळ करण्याकडे हात वळतो, पण रानातला प्राणी रंगीत दिसतो तो त्याच्या भोवतीची माती, साल, वाळके गवत आणि सावली बेरंग असल्यामुळे. या बेरंग भागावर मी अधिक वेळ घालवणार आहे.

कागद कापसाचा, कोल्ड प्रेस म्हणजे किंचित खरखरीत, ३०० जीएसएमचा म्हणजे जाड, साधारण ५६ × ३८ सेंटिमीटरचा घेतला आहे. मुख्य काम पारदर्शक जलरंगात होईल आणि अगदी शेवटच्या चमकेसाठीच अपारदर्शक पांढरा वापरला जाईल. फ्लुरोसंट गुलाबी आणि नारिंगी रंग पेटीतून बाजूला काढले आहेत; ते नवे असताना डोळ्यांत भरतात, पण उजेडात फार लवकर विटतात आणि व्हरांड्यातल्या चित्राला उजेड चुकणार नाही.

१४ एप्रिल २०२५, चाळकेवाडी

ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडीचे पठार उन्हाने तापलेले होते. जांभ्याचा काळपट तांबूस कातळ, त्याच्या भेगांतून निघालेले पेंढ्याच्या रंगाचे गवत आणि पलीकडे रांगेने उभ्या असलेल्या पवनचक्क्या, एवढाच सारा देखावा. सकाळी लवकर पोहोचूनही बराच वेळ काही हालले नाही. गुरे घेऊन निघालेले एक काका थांबले आणि म्हणाले, "ताई, ऊन तापल्याबिगर त्यो वर येत न्हाय. दगडाकडं बघत ऱ्हावा." त्यांनी दाखवलेल्या दगडाकडे लक्ष ठेवून बसले आणि ऊन चांगलेच चढल्यावर खरोखरच नर वर आला.

हा सरडा म्हणजे सरडा सुपर्बा. २०१६ साली संशोधकांनी गळा फुलवणाऱ्या सरड्यांची नव्याने वर्गवारी केली, तेव्हा ही जाती शास्त्राच्या नोंदीत आली आणि तिच्या प्रजातीसाठी 'सरडा' हाच मराठी शब्द घेण्यात आला. शेपूट सोडली तर अंग हाताच्या बोटाएवढे, मातकट तपकिरी, पाठीवर गडद नक्षी. दगडावर नुसता बसलेला असताना तो दगडाचाच भाग वाटतो. मग तो पुढचे पाय ताठ करतो, मान उंचावतो आणि गळ्याखालची कातडी पंख्यासारखी खाली उघडते. पुढच्या कडेला निळा, मध्ये काळा, मागे नारिंगी. पंखा क्षणभर उघडतो, मिटतो, पुन्हा उघडतो. मादीकडे हा पंखा नसतो, आणि नराचाही असा रंग पावसाआधीच्या विणीच्या काळातच भरात असतो.

जागेवर पूर्ण चित्र काढण्याचा विचार केला नव्हता. घरून कागदाच्या अरुंद पट्ट्यांवर निळ्या आणि नारिंगी रंगांच्या छटा लावून, प्रत्येकीमागे मिश्रण लिहून आणले होते. दुर्बिणीतून पंखा पाहायचा, नजर पट्टीवर आणायची आणि जवळची छटा पेन्सिलीने खुणावायची, असे काम चालले. निळ्यासाठी कोबाल्ट टर्क्वाइज आणि थॅलो ब्लू यांच्यामधली छटा सर्वांत जवळची ठरली. मात्र नर किंचित वळला की तोच निळा गडद होत होता, आणि सूर्य थेट अंगावर आला की जवळपास चांदीसारखा उजळत होता. नारिंगीत मात्र असा फरक पडत नव्हता. ऊन कमीजास्त झाले तरी तो आपल्या जागी होता.

या फरकाचे कारण कातडीच्या रचनेत आहे. नारिंगी आणि पिवळे रंग कातडीतल्या रंगद्रव्यांमुळे दिसतात. निळ्याचे तसे नाही. कातडीतल्या काही पेशींमध्ये अतिसूक्ष्म स्फटिकांचे थर असतात, त्यांवरून प्रकाशातला निळा भाग परततो आणि खालचा काळा थर उरलेला प्रकाश शोषून घेतो. म्हणजे हा निळा पाहणाऱ्याच्या आणि सूर्याच्या जागेवर अवलंबून आहे. चित्रात तो धरायचा तर सूर्य कुठे आहे, हे आधी ठरवावे लागेल.

१७ एप्रिल २०२५

आज पट्ट्या नीट लावून ठेवल्या आणि कोणत्या नराचे रंग मुख्य चित्रासाठी घ्यायचे याचा विचार केला. हा प्रश्न वरवर किरकोळ वाटला तरी तसा नाही. याच परिसरातल्या सरड्यांवर झालेला एक अभ्यास २०१८ साली 'नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागात तिसा, कापशी घार यांसारखे शिकारी पक्षी कमी झाले होते, त्यामुळे सरड्यांची संख्या वाढली होती, ते माणसाला अधिक जवळ येऊ देत होते, आणि गर्दीमुळे खाण्यासाठीची चढाओढही वाढली होती. त्या सरड्यांची शरीरस्थिती उतरलेली होती आणि नरांच्या गळ्यावरचे रंग कमी तेजाचे आढळले.

हे वाचल्यावर छटांच्या पट्ट्यांकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. रंगाचे तेज किती ठेवायचे हा चित्रकाराच्या आवडीचा भाग आहे, असे आपण सहज धरून चालतो. इथे मात्र त्या तेजामागे आकाशात फिरणारी कापशी आहे, दगडांमागे लपणारे किडे आहेत, आणि एका दगडावर किती नरांना वाटेकरी व्हावे लागते याचा हिशेब आहे. माझ्या नोंदी चक्क्यांपासून दूरच्या बाजूच्या आहेत. मुख्य चित्र त्याच रंगांचे होईल आणि कागदाच्या मागे जागा, महिना व वेळ लिहिली जाईल. चक्क्यांच्या जवळच्या नरांसाठी एक लहान वेगळा अभ्यास-कागद केला आहे, तो बाईंना वर्गात दाखवता येईल.

२ मे २०२५

सरड्याचे चित्र पूर्ण झाले. यातला बहुतेक वेळ, ठरवल्याप्रमाणे, कातळाने घेतला.

जांभा रंगवताना सरळ बर्न्ट सिएना लावला की विटेची भिंत दिसू लागते. उन्हाळ्यातल्या उघड्या जांभ्याचा पृष्ठभाग काळवंडलेला असतो. तांबूसपणा भेगांमध्ये, फुटलेल्या कडांवर आणि छिद्रांच्या आत असतो. म्हणून आधी येलो ऑकरचा पातळ थर सर्वत्र दिला, तो वाळल्यावर बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन यांचे राखाडी मिश्रण वरून सोडले आणि भेगांच्या जागी ते ओले असतानाच टिपून घेतले, त्यामुळे खालचा उबदार रंग तेवढ्याच जागी उघडा राहिला. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खोलगट भागांत बसतात आणि कातळाचा खरखरीतपणा आपोआप येतो. दगडफुलाचे फिकट ठिपके कागद कोरा सोडून राखले.

पंख्याचा निळा भाग अगदी शेवटपर्यंत कोरा पांढरा ठेवला होता. पांढऱ्या कागदावर कोबाल्ट टर्क्वाइजचा एकच पातळ थर, तो पूर्ण वाळल्यावर सावलीच्या बाजूने थॅलो ब्लूचा दुसरा, आणि उन्हाच्या बाजूची कड तशीच उघडी. थॅलो ब्लू कागदात मुरला की पुसून निघत नाही, त्यामुळे त्याची कड कुठे थांबणार हे पेन्सिलीने आधीच आखून घेतले. शेजारचा काळा पट्टा ट्यूबमधला काळा न वापरता बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन यांच्या घट्ट मिश्रणाने भरला. तो काळा किंचित तपकिरीकडे झुकतो, आणि त्यामुळेच त्याला लागून असलेला निळा थंड आणि उजळ दिसतो. निळ्यात आणखी रंग घालण्याची गरज पडली नाही.

खवल्यांबद्दल एक टिपण. जहांगीराच्या दरबारातल्या उस्ताद मन्सूरने काढलेले, आज ब्रिटनच्या राजसंग्रहात असलेले फांदीवरच्या शॅमेलिऑनचे, म्हणजे रंग बदलणाऱ्या सरड्याचे, चित्र मी या कामाच्या निमित्ताने छापील प्रतीत पुन्हा पाहिले. त्याने अंगभर रेषांची जाळी न विणता बारीक ठिपक्यांनी कातडी उभी केली आहे, आणि ठिपक्यांची दाटी कमीजास्त करून अंगाचा गोलावा दाखवला आहे. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या नजरेपुढे मला नम्र व्हावेसे वाटते. मीही सरड्याच्या पाठीवर रेषा टाळल्या आणि रॉ अंबरचे कोरडे ठिपके वापरले.

११ मे २०२५, भीमाशंकर

शेकरू दिसायला इथे फारसे कष्ट पडत नाहीत. १९८५ साली अभयारण्य झाले त्यामागे त्याचे संरक्षण हा मोठा हेतू होता. उंबराच्या आणि जांभळाच्या झाडांवर ते फळे खाताना आणि फांदीवर पोट टेकून, शेपूट एका बाजूला सोडून विसावताना दिसले. बारीक डहाळ्या आणि पाने गुंफून केलेली घरटी झाडांच्या शेंड्यांकडे, बारीक फांद्यांवर होती.

चित्राच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट रंगाच्या वाटणीची आहे. छायाचित्रांचा शोध घेतला तर दक्षिणेकडच्या जंगलांतले शेकरूच अधिक समोर येतात, आणि त्यांच्या पाठीवर व शेपटीवर काळा रंग ठळक असतो. भीमाशंकरची उपजाती एल्फिन्स्टोनी. तिची पाठ एकसारखी तांबूस-मरून, पोट आणि पुढचे पाय पिवळसर पांढरे, आणि शेपटीचा टोकाकडचा भाग फिकट. काळ्या पाठीचा शेकरू देखणा असतो हे खरे, पण तो आपल्या मुलांना भीमाशंकरच्या झाडावर भेटणार नाही. चित्रात काळा कुठेही येणार नाही.

पाठीसाठी पेरिलीन मरून आणि बर्न्ट सिएना, फिकट शेपटीसाठी कागद जवळपास कोरा. शेपटीच्या केसांची कड पार्श्वभूमीच्या गडद हिरव्यातून बाहेर काढायची आहे, म्हणून पानांची सावली आधी भरावी लागेल.

२१ जून २०२५

यंदा पाऊस मे महिन्याच्या अखेरीसच आला, आणि त्याच्याबरोबर तिबोटी खंड्याही कोकणातल्या ओढ्यांवर हजर झाला. रायगड जिल्ह्यातल्या एका ओढ्याकाठी त्याला पाहिले. जागेचे नाव मुद्दाम लिहीत नाही. ओढ्याच्या मातीच्या उभ्या काठात बोगदा खणून हा पक्षी अंडी घालतो, आणि घरट्यासमोर छायाचित्रकारांची गर्दी झाली की जोडीला चिमणे बेडूक, खेकडे, सापसुरळ्या घेऊन आत जाणे कठीण होते. एवढ्याशा पक्ष्याचा पिलांना भरवण्याचा वेळ आपल्या चित्रासाठी खर्ची पडावा, हे मला मुळीच मान्य नाही. मी बोगद्यापासून लांब, ओढ्याच्या खालच्या वळणावर बसले. तिथल्या एका वाकलेल्या फांदीवर तो मधूनमधून विसावत होता.

लांबी जेमतेम तेरा-चौदा सेंटिमीटर, म्हणजे चिमणीपेक्षाही लहान, आणि त्यात चोच मोठी. पोट पिवळे-नारिंगी, डोके तांबूस आणि त्यावर जांभळी झाक, पाठ निळी-काळी, मानेच्या बाजूला निळा व पांढरा ठिपका, चोच आणि पाय लालसर नारिंगी. आपल्याकडच्या इतर खंड्यांच्या पायाला चार बोटे असतात, याला तीन. वर्णन वाचून वाटते की हा पक्षी दुरूनही लखलखत असेल. प्रत्यक्षात पावसाळी झाडीच्या अंधारात तो गडद दिसतो. नारिंगी पोट तेवढे आधी नजरेत येते आणि पाठीचा निळा तो वळतो तेव्हा थोड्याच जागी उजळतो. इंटरनेटवरच्या बहुतेक छायाचित्रांत फ्लॅश असतो, त्यामुळे जांभळा आणि निळा दोन्ही अवाजवी उठून दिसतात. चित्र झाडीच्या उजेडातले होईल.

पक्ष्यांच्या पिसांतला निळाही सरड्याच्या निळ्यासारखाच रचनेतून येतो. पिसाच्या आतल्या केराटिनमध्ये (नखा-केसांतही असणाऱ्या प्रथिनामध्ये) अतिसूक्ष्म पोकळ्यांची जाळी असते आणि तीवरून निळा प्रकाश विखुरतो. तेच पीस उजेडासमोर धरून आरपार पाहिले की निळा नाहीसा होतो आणि मळकट तपकिरी उरतो. संग्रहालयात जपलेल्या जुन्या पक्ष्यांच्या पिसांत निळा बराच टिकून असतो, मात्र चोचीचा आणि पायांचा रंग मृत्यूनंतर उतरतो. म्हणूनच नमुने गोळा करणारे अभ्यासक तो रंग चिठ्ठीवर ताबडतोब लिहून ठेवत. चोचीचा लाल मी त्याच कारणाने जिवंत पक्ष्याकडे पाहूनच पट्टीवर जुळवून घेतला.

६ जुलै २०२५

खंड्याचे चित्र चालू आहे. हवेत इतका ओलावा आहे की थर वाळायला फार वेळ लागतो, आणि अर्धवट वाळलेल्या थरावर पाणी लागले की रंग कडेला ढकलला जाऊन पानफुटीसारखे डाग उमटतात. पक्ष्याच्या अंगासाठी हे टाळले : प्रत्येक थरानंतर कागद हेअर ड्रायरने दुरून वाळवला. मागच्या झाडीसाठी मात्र हाच ओलावा उपयोगी पडला. पेन्स ग्रे, थोडा हिरवा आणि रॉ अंबर ओल्या कागदावर सोडून दिले, आणि डागांनी स्वतःच पानांचे अस्पष्ट आकार केले. कोरड्या मार्चमध्ये ही झाडी मला जमवावी लागली असती.

डोक्यावरची जांभळी झाक सर्वांत नाजूक. तांबूस थर वाळल्यावर त्यावर क्विनॅक्रिडोन रोझ आणि किंचित अल्ट्रामरीन यांचा इतका पातळ थर दिला की पॅलेटवर तो पाणीच वाटावा. कागदावर मात्र तो दिसतो, आणि कागद तिरका केला की अधिक दिसतो.

२४ ऑगस्ट २०२५

ब्लू मॉर्मन. २०१५ साली महाराष्ट्राने ते राज्यफुलपाखरू म्हणून घोषित केले आणि असे करणारे ते देशातले पहिले राज्य ठरले. पंखांचा विस्तार १२ ते १५ सेंटिमीटर. लिंबाच्या झाडावर अळ्या वाढतात, त्यामुळे शाळेच्या परसातही ते येते. फुलावर बसले तरी पंख फडफडतच राहतात. म्हणून वरची बाजू ओल्या मातीतले क्षार शोषायला बसलेल्या नराकडून टिपली. काळ्या पंखांवरचा फिकट निळा मी एकाच थरात भरला आणि त्यातले काळे ठिपके नंतर मोजून बसवले. खालच्या बाजूला पंखांच्या मुळाशी लाल डाग असतात, ते दिसावेत म्हणून चित्रात दुसरे फुलपाखरू पंख मिटताना दाखवले आहे. हे चित्र लवकर झाले, त्यावर अधिक लिहिण्यासारखे नाही.

१४ सप्टेंबर २०२५

शेवटचे चित्र हरियालचे, आणि मला ते सर्वांत अवघड वाटते, कारण इथे भोवतालही हिरवा आहे. वडाच्या किंवा उंबराच्या झाडावर हरियालचा थवा बसलेला असतो आणि खाली उभ्या माणसाला पक्षी दिसत नाहीत, फळे पडल्याचा आवाज तेवढा येतो. पक्ष्याचा हिरवा पिवळसर शेवाळी, डोके राखाडी, खांद्यावर जांभळट डाग, पाय हळदीसारखे पिवळे. पानांचा हिरवा तसाच ठेवला तर चित्रातही पक्षी हरवेल. पक्षी अधिक भडक केला तर नियम मोडेल.

उपाय पानांकडे आहे. उंबराच्या जुन्या पानांचा हिरवा दुपारच्या उजेडात निळसर राखाडीकडे झुकतो आणि पानांच्या वरच्या बाजूवर आकाशाची चमक येते. ती चमक नीट निरखून, पानांत कोबाल्ट निळा आणि त्यांचा टवटवीतपणा मोडणारा थोडा तांबूस घातला. आता पानांचा गट थंड आणि पक्ष्यांचा गट उबदार झाला आहे, आणि दोन्ही रंग झाडावर जसे आहेत तसेच आहेत. खांद्यावरचा जांभळट डाग सर्व पक्ष्यांना दाखवलेला नाही. पंखांच्या ठेवणीप्रमाणे काहींचा झाकला जातो.

चौकटींची ऑर्डर दिली आहे. व्हरांड्यावर दुपारनंतर तिरके ऊन येते, म्हणून चित्रे आतल्या भिंतीवर, पहिलीतल्या मुलाच्या नजरेच्या उंचीला लागतील. प्रत्येकाखाली नाव, दिसण्याचे ठिकाण, महिना आणि दिवसातली वेळ मोठ्या अक्षरांत लिहायची आहे. तिबोटी खंड्याच्या नावपट्टीवर ठिकाणाऐवजी 'कोकणातले ओढे' एवढेच राहील आणि घरट्यापासून लांब थांबण्याची सूचना येईल. हरियालच्या चित्रात एका पक्ष्याचे पाय आणि खालच्या फांदीवरची उंबरे अजून कोरी आहेत. ती हिरवी ठेवायची की पिकलेली, हे शाळेमागच्या झाडावर सध्या काय आहे ते सोमवारी पाहून ठरवीन.